स्तंभावरची माणसं

विदर्भातल्या कितीतरी गावांत एक जयस्तंभ चौक असतो. नागपुरात आहे, अमरावतीत आहे, गोंदियात, बुलढाण्यात आहे आणि पार तिकडे रायपुरातही आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपण सगळे एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो ना! राजधानी नागपूर, म्हणून आनंदही सारखाच साजरा झाला. पुढे 1972 साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले आणि देशभर विकासखंडाच्या गावी दगडी स्तंभ उभे राहिले. एका अंगाला संविधानाची उद्देशिका, दुसऱ्या अंगाला त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं.

माझ्या आजीला आमच्या गावच्या त्या दगडाचं भारी अप्रूप. तिला अक्षरओळख नव्हती. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आटोपलं की लुगड्याचा पदर खोचून ती स्तंभाशी जायची, हळदीकुंकवाची दोन बोटं दगडाला लावायची आणि मला म्हणायची, "वाच बरं, बापू. हळूहळू वाच."

मी एक नाव वाचायचो आणि थांबायचो. मग आजी त्या नावाचा माणूस सांगायची. एकाचा पानमळा होता. आमच्या रामटेकची पानं नावाजलेली. मळ्यात वाढलेल्या त्या माणसाला तुरुंगात म्हणे विड्यावाचून अन्न गोड लागेना. सुटून आला तो घरी जायच्या आधी मळ्यात गेला. दुसरा रोडगे भाजण्यात पटाईत. अंबाळा तलावाच्या काठी गोवऱ्यांच्या आरात त्यानं भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्लेली माणसं ती चव आयुष्यभर सांगत. तिसऱ्याबद्दल आजी एवढंच म्हणायची, "लय मुका माणूस होता, माय. पन गेला."

तिचे सासरे, म्हणजे आमचे मोठे आबाजी, 1923 च्या झेंडा सत्याग्रहाला नागपूरला गेले होते. सिव्हिल लाइन्समधून चरख्याचा झेंडा न्यायला सरकारची मनाई होती. 1 मेपासून जमनालाल बजाजांच्या पुढाकारानं रोज एक तुकडी निघायची आणि पकडली जायची. पुढे वल्लभभाई पटेल आले. ऑगस्टात झेंडा त्या रस्त्यानं गेला. आबाजी तुकडीत होते की रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत होते, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. आजी म्हणायची तुकडीत, तिची जाऊ म्हणायची, "गर्दीत होते. पन चप्पल हारपवून आले, हे खरं."

बेचाळीसचं 'चले जाव' आंदोलन मात्र आजीनं स्वतः पाहिलेलं. तारीख तिला कधीच सांगता आली नाही, पण सण पक्का आठवायचा. त्या वर्षी 16 ऑगस्टला नागपंचमी होती. त्याच दिवशी चिमूर पेटलं, आष्टीला गोळ्या चालल्या. आमच्या रामटेकलाही त्याच सुमारास जमाव तहसील कचेरीवर चालून गेला, असं ती सांगायची. नंतर पोलीस घरोघर फिरले. कुणाची तरी दोन पोरं आमच्या गोठ्यात कडब्यामागं लपली होती, दोन दिवसांची उपाशी. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, विळीला हात लावायचा नाही. भाकर टाकावी कशी? मग तिनं कानोले उकडले आणि फडक्यात बांधून, वर शेणाची पाटी ठेवून गोठ्यात नेले. त्या पोरांची नावं तिनं विचारलीच नाहीत. विचारलं असतं तर आपल्याच तोंडून बाहेर पडलं असतं, ही तिची भीती.

पुढच्या जानेवारीत, 19 तारखेला, नागपूरच्या तुरुंगात याच आंदोलनातले शंकर महाले फाशी गेले. कोवळं पोर. आजी त्यांना कधी भेटली नव्हती, तरी त्यांचं नाव निघालं की हातातलं काम बाजूला ठेवायची. चिमूरच्या बायांवरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातल्या भन्साळींनी 63 दिवस उपवास केला, हेही मी आधी तिच्याकडूनच ऐकलं. पुस्तकात वाचलं ते फार नंतर. ती म्हणायची, "बायांसाठी कोनी उपाशी राह्यलं, हे विसरू नको."

स्तंभावर आजीचं नाव नाही. असावं असं तिच्या मनातही आलं नसेल. पण कडब्यामागची ती पोरं पुढं पकडली गेली असतील, तर त्यांची नावं कुठल्या तरी दगडावर असतील, आणि त्या नावांच्या अंगात आमच्या चुलीवरचं अन्न आहे, असं मला नेहमी वाटतं. सारी नावं एकाच मापाच्या अक्षरांत कोरलेली असतात. त्यातला विड्याचा षौकीन कोण, मुका कोण, हे दगडाला ठाऊक नसतं. ते फक्त म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं, आणि ती माणसं आता फार थोडी उरलीत.

म्हणून मी नातवंडांना तिथं नेतो आणि आजीकडून आलेलं, जेवढं ध्यानात राहिलंय तेवढं सांगतो. तुमच्याही गावात असा स्तंभ असेल. घरात कुणी नव्वदीचं असेल, तर येत्या झेंडावंदनाला त्यांना हात धरून घेऊन जा. एकेक नाव मोठ्यानं वाचा, आणि पुढचं वाचायची घाई करू नका.