भाजलेला रंग, वाळवलेला रंग

वीट कच्ची की पक्की, हे आमच्या सिरसाळ्यात शाळकरी पोरालाही शिकवावं लागत नाही. परळी तालुक्यातल्या या गावाच्या आसपास वीटभट्ट्या आहेत. वाळलेली वीट आणि भाजलेली वीट हातात घेतली की फरक लगेच कळतो. मोटारीच्या रंगातही हाच फरक असतो; तो मात्र गाडी रंगवून आणणाऱ्या भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही.

कारखान्यात नव्या गाडीचा रंग मोठ्या भट्टीत, साधारण १४० अंशांपर्यंत तापवून पक्का करतात. तेव्हा तो नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. पुढे त्यात काचा, रबर, वायरी, गाद्या बसल्या की गाडी तेवढी तापवता येत नाही. म्हणून आपल्याकडच्या गॅरेजमध्ये दिलेला रंग बहुधा हवेवरच वाळतो. चकाकी दोन्हींची सारखीच. पण एक भाजलेला, दुसरा वाळवलेला.

या वाळण्याचा इतिहास मोठा रंजक आहे. मोटारी नव्यानं आल्या तेव्हा त्यांना घोडागाडीसारखंच ब्रशनं रंग आणि व्हार्निश लावत. एक हात वाळल्यावर दुसरा. काम पुरं व्हायला आठवडे जात. १९१४ पासून काही वर्षं हेन्री फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात निघत होती. मग १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा रंग मोटारींवर आला. फवाऱ्यानं मारायचा आणि तासांत वाळायचा. मोटारी रंगीबेरंगी झाल्या. हे नाव आपल्याकडेही इतकं रुळलं की जुने पेंटर कुठल्याही कंपनीच्या मोटाररंगाला ‘ड्युको’च म्हणत.

महायुद्धाच्या काळात बाहेरून येणाऱ्या रंगावर बंधनं आली. तेव्हा, १९४२ मध्ये, गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एका गॅरेजात रंगाचा धंदा सुरू केला. तीच पुढची एशियन पेंट्स. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघू लागली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. काळा-पिवळा अंगरखा घालून ती मुंबईभर फिरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या टॅक्सीच्या रांगेतून कायमची बाहेर पडली. आमच्या मराठवाड्यात मात्र ‘काळी-पिवळी’ म्हणजे टॅक्सी नव्हे, जीप. दहाची सोय आणि पंधराची गर्दी!

आता खरी गोष्ट. ड्युकोसारखा रंग वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो. वरचा पापुद्रा तासाभरात सुकतो. आतला थिनर मात्र बरेच दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. हल्लीच्या हार्डनरच्या रंगात रासायनिक क्रिया घडते, तरी पुरता कडकपणा यायला त्यालाही काही आठवडे लागतात. तोवर त्याला श्वास घेऊ द्यायचा असतो. म्हणून महिनाभर मेण नको, पॉलिश नको, प्लास्टिकचं कव्हर नको. पत्र्यावर चिकटपट्टी नको आणि स्टिकरही नको, मग ते ‘७८६’चं असो की ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’. आशीर्वाद कुठं जात नाही, महिन्यानं लावला तरी चालतो. हळद-कुंकवाची बोटं ओल्या रंगावर उमटली तर डाग राहू शकतो. ती काचेवर लावावीत.

गाडी लिंबाखाली लावू नये. पाखराची विष्ठा पडलीच तर उन्हात वाळायच्या आत भिजवून काढावी. चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवायची जुनी खोड आहे. कोवळा रंग त्यानं मऊ पडतो. बोअरचं जड पाणी उन्हात अंगावर वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. म्हणून सावलीत धुवावं आणि लगेच मऊ ओल्या कपड्यानं टिपून घ्यावं.

आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे. परळीत १९७१ पासून कोळशावर वीज तयार होऊ लागली. कोळसा जळाला की राख उरते, तिच्या विटा होतात, आणि राखेची वाहतूक आली की रस्त्यावर तिची धूळ आली. दिसायला ती पिठासारखी मऊ असते, पण तिचे कण काचेसारखे कडक. ड्रायव्हर सकाळी उठून कोरड्या फडक्यानं गाडी पुसतो, तेव्हा तो खरं तर नव्या रंगावर पॉलिश पेपर घासत असतो. आधी टपावरून पाणी सोडावं, धूळ वाहून जाऊ द्यावी, मग हात लावावा.

शहरातला मालक गाडी आठवडाभर सावलीत उभी ठेवू शकतो. जीपवाल्याला ते कसं परवडणार? बँकेचा हप्ता थांबत नाही. पासिंगसाठी रंगवलेली जीप दुसऱ्या दिवशी स्टँडवर लागावी लागते. शंभर वर्षांत रंगाचं वाळणं आठवड्यांवरून तासांवर आलं, पण पिकणं काही तितकं उरकलं नाही. जीपवाल्याच्या हाती महिन्याची विश्रांती नसली तरी कोरडं फडकं बाजूला ठेवणं असतं. रोज दोन बादल्या पाणी, तेही दुष्काळी मुलखात, मागताना मला संकोच वाटतो. पण पुन्हा रंगवण्याचा खर्च त्याच्या महिन्याच्या कमाईतूनच जायचा असतो.