गर्भाशयाच्या कर्करोगाचे निदान-कोड: सी५३, सी५४ आणि सी५५

बोलताना आपण सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगवर्गीकरणात मात्र त्याचे वेगवेगळे कोड आहेत, कारण हे आजारही वेगळे आणि त्यांचे उपचारही.

गर्भाशयमुखाचा कर्करोग सी५३ मध्ये येतो. एचपीव्ही विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग हे त्याचे मुख्य कारण. गर्भाशयाच्या मुख्य भागाचा कर्करोग सी५४ मध्ये मोडतो. त्यात सर्वाधिक आढळतो तो आतल्या अस्तराचा, म्हणजे सी५४.१. पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे हे त्याचे नेहमीचे पहिले लक्षण आहे. स्नायूच्या थरातला कर्करोग सी५४.२.

राहिला सी५५. कर्करोग गर्भाशयाचा आहे, पण नेमक्या कोणत्या भागाचा ते नोंदलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. तपासण्या अपुऱ्या असताना तो लिहिला जाणे समजू शकते. पण बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘एंडोमेट्रियम’ असे स्पष्ट असूनही डिस्चार्ज कार्डावर सी५५ तसाच राहिला असेल, तर डॉक्टरांना दाखवून दुरुस्त करून घ्या. पुढे विम्याच्या कागदपत्रांत आणि दुसऱ्या रुग्णालयातल्या फाइलमध्ये तीच नोंद उतरत जाते.

डी२५ दिसला तर घाबरू नका. तो फायब्रॉइडचा, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठींचा कोड आहे.

यांपैकी कोणत्याही कोडवरून आजाराची स्टेज कळत नाही. ती शस्त्रक्रिया, पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि स्कॅन यांवरून ठरते व फाइलमध्ये वेगळी लिहिलेली असते.