दोर बदलला की कणा बदलतो

माझ्या आजोबांच्या विहिरीवर मोट होती. मी ती चालताना पाहिली नाही, पण तिचा कणा आमच्या परड्यात कितीतरी वर्षं पडून होता. बाभळीचा, हातभर लांब, आणि मधोमध दोराने घासून पडलेली खाच. त्या खाचेत माझा अंगठा बरोबर बसायचा. मोटेला दोन दोर असत: जाड नाडा वरच्या चाकावरून, बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून. वडील सांगायचे, नाडा नवा घेतला की सोंदूर त्याच्या मापाने पुन्हा बांधावा लागे. सोंदूर चार बोटं लांब राहिला तर सोंड खाली लोंबे आणि पाणी थारोळ्यात पडायच्या आधीच विहिरीत सांडे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी तीस वर्षं लेथवर काम करतोय. ऑइल इंजिनांवर वाढलेली ही पेठ. २०१४ पासून गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज या चिखलातून गाड्या काढण्याच्या स्पर्धेची भारतातली फेरी होऊ लागली, तेव्हापासून माझ्याकडे विंचची, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राची, कामं वाढली. आधी जीपच्या, मग एटीव्हीच्या. एटीव्ही म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल आणि फुगीर टायर असलेली चारचाकी. चौपाटीवर आपण पाहतो ती. या छोट्या गाडीच्या विंचला कुठला भाग चालेल, हा प्रश्न रोज येतो. त्याचं उत्तर मला कॅटलॉगपेक्षा इतिहासात जास्त सापडलं.

सुरुवात जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरातल्या खाणींपासून करायला हवी. तिथे लोखंडी साखळ्यांनी माल वर ओढत. साखळीचा दोष असा की एक कडी गेली की सगळं गेलं, आणि जाण्याआधी ती काही सांगत नाही. विल्हेल्म आल्बर्ट या खाण अधिकाऱ्याने १८३४ साली क्लाउस्थालच्या खाणीत तारेचा दोर वापरला. तीन पेड, प्रत्येक पेडात चार तारा. एखादी तार तुटली तरी बाकीच्या तग धरतात, आणि तुटलेलं टोक डोळ्याला दिसतं. मला हा शोध वाफेच्या इंजिनाइतकाच मोठा वाटतो.

तो दोर गाडीच्या तोंडाशी यायला शंभरावर वर्षं गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या जुन्या जीप स्वस्तात विकायला निघाल्या. सिएटलमध्ये आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली त्या जीपच्या पुढच्या चाकांसाठी लॉकिंग हब बनवायला घेतले, म्हणजे रस्त्यावर पुढची चाकं मोकळी फिरावीत आणि चिखलात जोडता यावीत. १९५९ साली त्यांच्या कंपनीने हौशी जीपवाल्यांसाठी विजेवर चालणारी विंच काढली. १९७४ ची ८२७४ ही विंच तर जीपवाल्यांच्या तोंडी आजही आहे: आठ हजार पौंडांची ओढ आणि चौऱ्याहत्तर साल, नावातच सगळं. तिचा ब्रेक ड्रमच्या बाहेर, गिअरच्या घरात बसतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एटीव्हीचं घराणं वेगळं. होंडाने १९७० साली यूएस ९० ही तीनचाकी काढली, ती हिवाळ्यात मोटरसायकली विकल्या जात नाहीत म्हणून. सुझुकीची चारचाकी १९८२ ची. शेतकऱ्यांनी हे खेळणं कामाला जुंपलं, कुंपणाच्या तारा, चारा, लाकडं वाहायला लावलं, आणि मग त्याला विंच हवी झाली. जीपची विंच तिथे मावेना. म्हणून लहान विंच आल्या: अडीच हजार पौंडांची, म्हणजे सुमारे अकराशे किलोंची, साडेतीन हजारांची, सुमारे सोळाशे किलोंची. जागा कमी, म्हणून मोटर एका बाजूला, गिअर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ड्रम. बहुतेकांचा ब्रेक त्या ड्रमच्या पोटात.

मापंही इंचातच राहिली. जीपच्या फेअरलीडच्या, म्हणजे दोर ज्यातून बाहेर येतो त्या तोंडाच्या, दोन बोल्टांमधलं अंतर दहा इंच. एटीव्हीचं चार पूर्णांक सात अष्टमांश. एकाचं दुसऱ्याला बसवायला प्लेट कापून देणारे आहेत, मीही दिल्या आहेत, आता देत नाही. कारण बोल्ट जुळला तरी वीज जुळत नाही. जीपच्या मोठ्या विंचची मोटर बहुधा सीरिज वाइंडिंगची असते आणि तिला उलटसुलट फिरवायला तीन टोकं लागतात. एटीव्हीच्या मोटरमध्ये कायमचं चुंबक असतं, तिला दोनच टोकं पुरतात. म्हणून मोटरची वीज चालू-बंद आणि उलटसुलट करणारा कॉन्टॅक्टर घेताना पौंड बघायच्या आधी मोटरची टोकं मोजावीत. आणि बॅटरी विसरू नये. जोर लागला की छोटी विंचही शंभराच्या वर अँपिअर ओढते, तेवढं एटीव्हीचा स्टेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारा भाग, देऊ शकत नाही. इंजिन चालू ठेवूनच ओढायचं, तेही थांबून थांबून.

पण खरा घोळ दोराने केला. नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीने १९९० च्या सुमारास डायनिमा हा धागा कारखान्यात काढायला सुरुवात केली. पाण्यावर तरंगतो, स्टीलपेक्षा कितीतरी हलका, आणि तुटला तर स्टीलसारखा चाबूक होऊन अंगावर येत नाही. मी स्वतः तोच दोर वापरायला सांगतो. मात्र तो दीडशे अंशांच्या आतच वितळतो.

काही वर्षांपूर्वी आंबोलीकडचा एक मुलगा एटीव्ही घेऊन आला. दोर तुटला होता. "काका, दोर ओरिजनल होता, महिना झाला नाही," म्हणाला. मी ड्रम उघडला. आतल्या पहिल्या वेढ्यांचे धागे एकमेकांत विरघळून पांढरं, काचेसारखं कडं झालं होतं आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. गाडी उतारावरून विंचच्या आधाराने हळूहळू खाली सोडली होती. भार धरून दोर सोडताना ब्रेक तापतो, आणि या विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या पोटात. दोर चांगलाच होता. त्या ड्रमवर त्याला उष्णता अडवणारं कवच मात्र हवं होतं, ते विकणाऱ्याने दिलं नव्हतं.

मग मी फेअरलीड पाहिलं. जुने लोखंडी रोलर तसेच होते. त्यावर कॉटन वेस्टचा बोळा फिरवला, तर धागे जागोजागी अडकून राहिले. स्टीलच्या दोराने वर्षानुवर्षं रोलर खरवडून कुसळं उभी केली होती आणि त्याच कुसळांवरून नवा मऊ दोर ओढला जात होता. उलटं केलं तरी तेच. ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तोंडातून स्टीलचा दोर ओढला तर महिन्याभरात त्यात खाचा पडतात, आजोबांच्या कण्यासारख्या.

त्या मुलाला मी दोर, कवच आणि गुळगुळीत तोंड असं तिन्ही बसवून दिलं. तुम्हीही विंचचा दोर बदलायला कुणाकडे गेलात, तर नुसता दोर मागू नका. फेअरलीड खोलून सोबत न्या आणि त्यावरून आधी आपल्या हाताने कॉटन वेस्ट फिरवा.