दोन डूम्सडे आणि एक जुनें यंत्र

इंग्लंडच्या विल्यम राजानें 1086 सालीं आपल्या राज्याची जी पाहणी करविली, तिची वही लंडनांतील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आजहि सुरक्षित आहे. कोणत्या गांवीं किती नांगर, किती पाणचक्क्या, कुरणें किती व जमीन कोणाची, हें सारें तींत कमावलेल्या कातड्यावर लॅटिन भाषेंत लिहिलेलें आहे. तींतील नोंदीविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती; म्हणून शेवटच्या न्यायदिनावरून लोकांनीं तिला ‘डूम्सडे बुक’ असें नांव दिलें. जुनी लॅटिन आणि लेखकूंचे संक्षेप ज्यास अवगत आहेत, असा कोणीहि मनुष्य ती वही आज उघडून वाचूं शकेल. या पाहणीस नऊशें वर्षें झालीं म्हणून 1986 सालीं त्याच देशांत दुसरी डूम्सडे तयार करण्यांत आली, आणि ती मात्र वीस वर्षें होण्यापूर्वींच वाचेनाशी होण्याच्या बेतांत आली. कागद जळाला, वाळवीनें खाल्ला, वाण्यानें पुड्या बांधल्या, या गोष्टींचें दुःख आम्हां इतिहासाच्या मंडळींस नवें नाहीं. पण लेख धडधाकट हातांत असून वाचणारें यंत्रच नसावें, हा प्रकार नवा आहे, आणि तो समजावून घेण्यास त्या यंत्राची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे.

त्या यंत्राचें नांव बीबीसी मायक्रो. घरगुती संगणक ही वस्तु नवी होती, त्या काळीं ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें लोकांस संगणकाची ओळख करून देण्याचें मनावर घेतलें. टेलिव्हिजनवर 1982 च्या जानेवारींत पाठांची मालिका सुरू झाली, आणि त्या पाठांच्या जोडीला म्हणून केंब्रिजच्या एकॉर्न नांवाच्या लहानशा कंपनीनें हा संगणक 1981 च्या अखेरीस बाजारांत आणला. त्याच्या मोठ्या नमुन्याची स्मृति अवघी 32 किलोबाइट. आजच्या भ्रमणध्वनीनें काढलेलें एक साधें छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. परंतु कळ दाबतांच क्षणार्धांत तो सज्ज होई, आणि ‘बेसिक’ भाषेंत दिलेली आज्ञा निमूटपणें पाळी. असे दहा लाखांहून अधिक संगणक खपले व इंग्लंडमधील बहुतेक शाळांतून ते पोंचले.

आपल्याकडेहि ते आले, हें पुष्कळांस आतां आठवत नसेल. केंद्र सरकारनें 1984-85 मध्यें शाळांकरितां ‘क्लास’ नांवाची संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली, ती याच यंत्राच्या आधारावर. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनें तें येथें ‘युनिकॉर्न’ या नांवानेंहि तयार केलें. मी आठवींत असतांना, म्हणजे 1987 सालीं, आमच्या शाळेंत असें एक यंत्र होतें. तें कुलपांत असे, त्यावर मुख्याध्यापकांच्या पत्नीनें विणलेलें आच्छादन असे, आणि चपला बाहेर काढून आम्ही त्याच्या दर्शनास जात असूं. इतिहासाच्या मास्तरांनीं मात्र तें देव्हाऱ्यांतून काढून कामास लाविलें. तें कसें, तें पुढें सांगतों.

इंग्लंडांतील दुसरी डूम्सडे याच जातीच्या यंत्रावर उभारली गेली. साऱ्या देशाचे चार किलोमीटर रुंद व तीन किलोमीटर उंच असे चौकोन पाडले, आणि एकेक चौकोन एकेका शाळेकडे सोंपविला. मुलांनीं आपल्या चौकोनांत काय आहे तें लिहावयाचें: दुकानें किती, लोक सुटीच्या दिवशीं काय करतात, चर्चच्या आवारांत काय दिसतें, सोबत कांहीं छायाचित्रें द्यावयाचीं. दहा लाखांवर माणसांचा हात त्या कामास लागला असें सांगतात. राजाच्या अधिकाऱ्यांनीं 1086 सालीं कर बसविण्यासाठीं विचारलेले प्रश्न आणि शाळकरी पोरांनीं आपल्या हौशीनें लिहिलेलीं उत्तरें, यांत इतिहासकाराला दुसरीं अधिक मोलाचीं वाटलीं तर नवल नाहीं. हा सारा मजकूर लेसर-तबकड्यांवर उतरविला. त्या तबकड्या वाचण्यास फिलिप्स कंपनीचें एक खास वाचकयंत्र आणि त्यास जोडलेला बीबीसी मास्टर हा संगणक लागे. या सरंजामाची किंमत इतकी भारी झाली, कीं ज्या शाळांच्या मुलांनीं मजकूर लिहिला त्यांपैकीं बहुतेकांस तो विकत घेतां आला नाहीं. पुढें तीं वाचकयंत्रें बनेनाशीं झालीं, होतीं तीं बिघडलीं.

या तबकड्या वाचविण्याचा एक मोठा प्रयत्न लीड्स व मिशिगन या दोन विद्यापीठांतील अभ्यासकांनीं केला, आणि 2002 सालीं त्याचें फळ लोकांपुढें ठेविलें. त्यांनीं चालतें वाचकयंत्र मिळवून तबकड्यांवरील मजकूर व चित्रें नव्या साठ्यांत उतरून घेतलीं, आणि ती सामग्री चालविण्यासाठीं एम्युलेटर सिद्ध केला. एम्युलेटर म्हणजे एका संगणकास दुसऱ्याचें सोंग घ्यावयास लावणारी आज्ञावली. जुन्या प्रोग्रामानें विचारावें, ‘अमुक कप्प्यांत काय आहे?’ आणि नव्या यंत्रानें जुन्याच्या आवाजांत उत्तर द्यावें. प्रोग्रामास आपण परक्या घरीं आहों याचा पत्ताहि लागत नाहीं. आपल्या दारीं येणारा बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन असा दरडावतो, कीं घटकाभर घरांतील शहाणींसुरतीं माणसेंहि दचकतात. तोच हा प्रकार.

हें सोंग किती हुबेहूब असावें लागतें, याचें एक उदाहरण देतों. याच यंत्रावर 1984 सालीं ‘एलिट’ नांवाचा अंतराळप्रवासाचा खेळ निघाला. त्यांत पडद्याचा वरचा भाग बारीक रेघांचा व एकरंगी, तर खालचा भाग जाडसर पण बहुरंगी दिसे. यंत्रास अशी दोन प्रकारचीं चित्रें एकाच वेळीं काढण्याची सोय मुळांतच नव्हती. खेळ रचणाऱ्यांनीं युक्ति अशी केली, कीं सेकंदाला पन्नास वेळां चित्र उमटतांना प्रत्येक वेळीं तें मध्यावर आलें म्हणजे यंत्राची रीत बदलावयाची. एम्युलेटरचें घड्याळ किंचित् जरी मागेंपुढें झालें, तरी चित्र विसकटतें. म्हणजे यंत्राचे गुण तर उतरलेच पाहिजेत, पण त्याचा मंदपणा आणि खोडीहि उतरल्या पाहिजेत. पोथी नकलणारा जुना लहिया, जसें दिसलें तसें लिहिलें, असें शेवटीं बजावीत असे. त्याच्या प्रामाणिकपणाची येथें गरज असते.

मग नक्कल इतकी उत्तम असतां मूळ यंत्रें कशाला जपावयाचीं? माझें उत्तर असें, कीं नक्कल बरोबर आहे हें ताडून पाहण्यास अस्सल लागतें. त्यांतून नुसतें कांचेच्या कपाटांत ठेविलेलें यंत्र साक्ष देऊं शकत नाहीं. तें चालतें असलें पाहिजे. आणि चाळीस वर्षांचें यंत्र चालतें ठेवणें हें नाजूक काम आहे. बीबीसी मायक्रोची एक ठरलेली व्याधि म्हणजे त्याच्या पॉवर सप्लायमधील कागदी कपॅसिटर. त्यांचें पिवळसर आवरण काळानें तडकतें, हवेंतील दमटपणा आंत शिरतो, आणि पुष्कळ वर्षांनीं कोणी हौसेनें कळ दाबली कीं कांहीं मिनिटांत उग्र वासाचा धूर निघतो. मालक घाबरून जातो. पण चार आण्याच्या किंमतीचा तो भाग काढून नव्यास डाख दिला कीं बहुधा यंत्र पूर्ववत् चालूं लागतें.

फ्लॉपीच्या जागीं आतां नखाएवढें स्मृतिकार्ड बसवितात. यंत्राच्या खालच्या एका जोडणींत तें अडकविलें कीं एके काळचें कपाटभर साहित्य त्यांत मावतें. जुन्या चित्रसंकेताचें नव्या सपाट पडद्यास कळेल असें भाषांतर करणारी लहानशी पट्टीहि मिळते. याहून मौजेची गोष्ट निराळीच आहे. एकॉर्नच्या लोकांनीं 1985 सालीं ‘आर्म’ नांवाची नवी चिप तयार केली, आणि तिची पहिली परीक्षा बीबीसी मायक्रोला जोडूनच घेतली. त्या चिपेचा वंश आज जगांतील बहुतेक भ्रमणध्वनींत नांदतो. केंब्रिजमध्येंच 2012 सालीं निघालेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकहि त्याच वंशांतला. हल्लीं हौशी लोक तो रास्पबेरी पाय जुन्या बीबीसी मायक्रोच्या पोटाखालीं, त्याच जोडणीवर बसवितात. पडदा व कळपाट म्हाताऱ्याचे, आंकडेमोड नातवाची. नातू त्या वेळीं आपण जुनीच चिप आहों असें सोंग घेतो, हें विशेष.

यावर शुद्धतेचा आग्रह धरणारे रागावतात. देवळाच्या काळ्या दगडावर ऑइलपेंट फांसणाऱ्या विश्वस्तांशीं मी स्वतः भांडलों आहें. तेव्हां त्यांचा राग मला कळतो. पण स्मृतिकार्ड किंवा पाय काढून घेतला तर यंत्र जसेंच्या तसें राहतें. ऑइलपेंटाचें तसें नाहीं. परत फिरतां येईल अशी दुरुस्ती मला मान्य आहे. ब्लेचली पार्क येथील संगणक-संग्रहालयांत या यंत्रांचा एक वर्गच मांडला आहे, आणि आजचीं मुलें तेथें बसून बेसिकच्या ओळी लिहितात.

दुसऱ्या डूम्सडेची गोष्ट मात्र एम्युलेटरपाशीं संपली नाहीं. बीबीसीनें 2011 सालीं मुलांचा मजकूर आंतरजालावर ठेविला. तें संकेतस्थळ 2018 सालीं बंद झालें, आणि त्याची प्रत राष्ट्रीय दप्तरखान्याकडे गेली, त्याच दप्तरखान्याकडे जेथें विल्यमची वही आहे. लेसरची तबकडी, नवा साठा, संकेतस्थळ, दप्तरखाना: तीस वर्षांत चार स्थलांतरें.

आतां आमच्या मास्तरांची गोष्ट. त्यांनीं आम्हां पोरांस सुटींत आपापल्या गांवच्या विहिरींचीं नांवें, तीं बांधणाऱ्यांचीं नांवें व वीरगळांची संख्या लिहून आणावयास सांगितली, आणि ती यादी रोमन अक्षरांत त्या यंत्रावर चढवून टेपच्या कॅसेटवर सांठविली. इंग्लंडांत असेंच कांहीं चाललें होतें याची त्यांस गंधवार्ताहि नसावी. पुढें यंत्र भंगारांत गेलें. मास्तर वारल्यावर गेल्या वर्षीं त्यांच्या मुलीनें ती कॅसेट नाट्यगीतांच्या कॅसेटींतून वेंचून मला दिली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती वाजविली, तेव्हां रातकिड्यासारखी किरकिर ऐकूं आली. तीच आमची अक्षरें. वाचणाऱ्या डोक्याचा स्क्रू त्यानें केसभर फिरवून पुन्हां पुन्हां ध्वनि उतरून घेतला, त्याचीं अक्षरें केलीं आणि एम्युलेटरास दिलीं. हा मजकूर 256 अक्षरांच्या तुकड्यांनीं येतो. एकेक तुकडा येत गेला, आणि आतां बुजलेल्या कित्येक विहिरी पांढऱ्या अक्षरांत काळ्या पडद्यावर उमटल्या. शेवटचे दोन तुकडे मात्र येईनात. जुनें यंत्र जसें म्हणालें असतें तसेंच त्या सोंगानेंहि ‘डेटा?’ असें विचारलें, टेप मागें फिरवावयास सांगितलें, आणि तें वाट पाहत राहिलें. गांवें वर्णानुक्रमानें लाविलेलीं होतीं. माझें गांव ‘व’ वरून आहे. पुढच्या महिन्यांत आम्ही दुसऱ्या टेपयंत्रावर प्रयत्न करणार आहों.