परिषदेकडे शोधनिबंध पाठविणे (गणित व कृत्रिम बुद्धिमत्ता)

गणित आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या सीमेवरील नवे संशोधन परिषदेच्या कार्यक्रम समितीकडे ठरलेल्या नमुन्यात व ठरलेल्या मुदतीत पाठवून त्याची समीक्षा करून घेण्याची पद्धत. निबंध स्वीकारला गेल्यास लेखक तो परिषदेत मांडतो आणि बहुतेक ठिकाणी तो कार्यवृत्तात छापला जातो. शुद्ध गणितात परिषदेतील व्याख्यानाला प्रकाशनाचा दर्जा नाही; तेथे मान नियतकालिकाला. संगणकशास्त्रात मात्र मोठ्या परिषदेचा स्वीकार हेच प्रकाशन असते आणि नेमणूक व बढती त्यावर ठरते. या दोन परंपरांचे कालमान अगदी वेगळे आहे. गणितज्ञ टॉमस हेल्स यांनी गोळ्यांच्या सर्वांत घट्ट रचनेविषयीच्या केप्लरच्या अनुमानाची सिद्धता १९९८ मध्ये जाहीर केली, तेव्हा परीक्षकांची मोठी तुकडी अनेक वर्षे ती तपासत राहिली. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये ती २००५ साली छापून आली, तीही परीक्षकांनी पूर्ण खात्री देता येत नाही असे कळविल्यानंतर. परिषदेच्या परीक्षकाला मात्र चार-सहा निबंध काही आठवड्यांत वाचून संपवायचे असतात. पुढील माहितीतील बहुतेक अडचणी या तफावतीतून निघतात.

परिषदा : या क्षेत्राला वाहिलेली जुनी परिषद म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता व गणित यांवरील आंतरराष्ट्रीय परिसंवाद. तो १९९० पासून साधारणतः दर दोन वर्षांनी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात भरत आला आहे. त्यातील निवडक निबंध विस्तारित रूपात ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स अँड आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या नियतकालिकाच्या विशेषांकांत येतात. मार्टिन गोलुम्बिक हे या नियतकालिकाचे संस्थापक संपादक. संगणकीय अध्ययनाच्या सिद्धांतावरील ‘कोल्ट’ १९८८ पासून भरते. यंत्रअध्ययनाच्या मोठ्या परिषदांपैकी ‘न्यूरिप्स’ १९८७ मध्ये डेन्व्हर येथे सुरू झाली, तर ‘आयसीएलआर’ २०१३ मध्ये यान लकुन आणि योशुआ बेंजिओ यांच्या पुढाकाराने. प्रमेयसिद्धी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांना जोडणारी ‘एआयटीपी’ ही लहान परिषद २०१६ मध्ये ऑस्ट्रियातील ओबरगुर्गल येथे सुरू झाली. तिच्या संस्थापकांत हेल्स स्वतः होते. तेथे एक-दोन पानांचा विस्तारित सारांश पाठविला तरी चालतो, त्यामुळे अर्धवट पण आश्वासक कल्पना घेऊन जाणाऱ्या नवख्या संशोधकाला ती सोयीची आहे. मोठ्या परिषदांना जोडून होणाऱ्या कार्यशाळांचाही असाच उपयोग होतो. त्यांचे निबंध बहुधा कार्यवृत्तात जात नाहीत, म्हणून पुढे पूर्ण निबंध अन्यत्र पाठविण्याची वाट मोकळी राहते.

निबंधाची बांधणी : निबंध लेटेक या अक्षरजुळणी प्रणालीत, परिषदेने दिलेल्या साच्यात तयार करतात. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ती रचली. पानांची मर्यादा कडक असते. न्यूरिप्समध्ये अलीकडील वर्षांत मुख्य मजकुराला नऊ पाने मिळत आली आहेत, तर कोल्टमध्ये बारा. संदर्भसूची व परिशिष्ट यांची पाने त्यात मोजत नाहीत. ओळींमधील अंतर कमी करून किंवा समास अरुंद करून मजकूर बसवला, तर निबंध परीक्षकाकडे न जाताच परत येतो.

लांब सिद्धता परिशिष्टात ढकलण्याची रीत या मर्यादेमुळे पडली. न्यूरिप्सच्या नियमांनुसार परिशिष्ट वाचणे परीक्षकावर बंधनकारक नाही. म्हणून प्रमेयाचे नेमके विधान, सर्व गृहीतके आणि सिद्धतेमागील मुख्य विचार मुख्य मजकुरातच हवेत. प्रयोगाचे तक्ते परिशिष्टात गेले तर थोडे बिघडते, गृहीतके तेथे गेली तर सगळेच बिघडते. २०२१ पासून न्यूरिप्स प्रत्येक निबंधासोबत एक प्रश्नावली भरून मागते. प्रत्येक सैद्धांतिक निष्कर्षासाठी गृहीतकांचा पूर्ण संच आणि संपूर्ण, बिनचूक सिद्धता दिली आहे का, असा प्रश्न तीत आहे. लेखक तेथे ‘होय’ लिहितो ती केवळ खूण नसते, त्याने दिलेली हमी असते.

पाठविण्याची प्रक्रिया : निबंध संगणकीय प्रणालीतून पाठविला जातो. आंद्रेई व्होरोन्कोव्ह यांनी मँचेस्टर विद्यापीठात विकसित केलेली ईझीचेअर, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अँड्र्यू मॅककॅलम यांच्या गटाने उभारलेली ओपनरिव्ह्यू आणि मायक्रोसॉफ्टची सीएमटी या प्रणाली सर्वाधिक वापरात आहेत. ओपनरिव्ह्यूवर संस्थेचा ई-मेल पत्ता नसलेल्या नव्या सदस्याची नोंद माणसाकडून तपासली जाते आणि तिला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. महाविद्यालयाचा पत्ता न मिळालेल्या आणि जीमेलवरच काम चालविणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांनी ही गोष्ट महिनाभर आधीच उरकून घ्यावी. सहलेखकाची नोंद न झाल्याने तयार निबंध अडकून पडणे फार वाईट.

मुदती दोन असतात. आधी शीर्षक, सारांश व लेखकांची नावे द्यायची आणि साधारण आठवड्याभराने पूर्ण निबंध. पहिल्या किंवा दुसऱ्या मुदतीनंतर नवे नाव जोडता येत नाही. मुदतीची वेळ बहुतेकदा ‘पृथ्वीवर कोठेही’ या संकेताने देतात. जगातील सर्वांत मागच्या कालपट्ट्यात, म्हणजे ग्रिनिचपेक्षा बारा तास मागे असलेल्या वेळेनुसार, ती तारीख संपेपर्यंत निबंध स्वीकारला जातो. रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची अशी मुदत भारतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी संपते.

एकच निबंध एका वेळी दोन परिषदांकडे पाठविणे हा गैरप्रकार समजला जातो. निबंध आर्काइव्हवर ठेवण्यास मात्र बहुतेक परिषदांची हरकत नसते. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉस येथे सुरू केलेले हे पूर्वप्रकाशनांचे भांडार पुढे कॉर्नेल विद्यापीठाकडे गेले. तेथे लेखकाचे नाव उघड असते आणि परिषदेतील समीक्षा दुहेरी अनामिक, म्हणजे लेखकाला परीक्षक व परीक्षकाला लेखक ठाऊक नसलेली. हा अंतर्विरोध परिषदांनी समजून उमजून स्वीकारला आहे. पाठविलेल्या प्रतीत मात्र नाव, संस्था, आभार, आपल्या संकेतस्थळाचा दुवा यांपैकी काहीही राहता कामा नये. पीडीएफच्या गुणधर्मांत किंवा सोबतच्या आज्ञावलीत राहिलेले नाव हे निबंध परत येण्याचे टाळता येण्याजोगे कारण आहे.

लेखकांच्या नावांचा क्रम येथे दोन रीतींनी लागतो. गणितात आणि कोल्टसारख्या सैद्धांतिक परिषदांत तो बहुधा वर्णानुक्रमे असतो. यंत्रअध्ययनात पहिले नाव सर्वाधिक काम करणाऱ्याचे. आपल्या विद्यापीठांतील निवड समित्या पहिल्या लेखकाला जास्त गुण देतात, तेव्हा गणिताच्या रीतीने लिहिणाऱ्यावर अन्याय होतो. समित्यांनी हा भेद ध्यानात घेतला पाहिजे.

समीक्षा : प्रत्येक निबंध साधारणतः तीन-चार परीक्षक वाचतात, गुण देतात व अभिप्राय लिहितात. लेखकाला उत्तर देण्यासाठी थोडे दिवस मिळतात. त्यानंतर परीक्षक आपसांत चर्चा करतात आणि त्या विषयविभागाचा प्रमुख (एरिया चेअर) शिफारस करतो. आयसीएलआरमध्ये अभिप्राय व उत्तरे जगजाहीर असतात. नवशिक्याने चार मोठ्या ग्रंथांऐवजी अशा वीस चर्चा वाचाव्यात. परीक्षक कशावर अडतो आणि समर्थ उत्तर कसे लिहितात, ते तेथे उघड्यावर शिकायला मिळते.

या समीक्षेत सिद्धता कितपत तपासली जाते, हे अ‍ॅडम या रीतीच्या उदाहरणावरून दिसते. डीडरिक किंग्मा आणि जिमी बा यांचा ती मांडणारा निबंध २०१५ च्या आयसीएलआरमध्ये आला. न्यूरल जाळ्यांना प्रशिक्षण देण्यासाठी अ‍ॅडम जगभर वापरली जाऊ लागली. बहिर्वक्र फलनांसाठी ही रीत योग्य उत्तराकडे जाते, असे प्रमेय निबंधात होते. २०१८ च्या आयसीएलआरमध्ये शशांक रेड्डी, सत्येन काळे व संजीव कुमार यांनी ते प्रमेय चुकीचे असल्याचे दाखविले. त्यांचे प्रतिउदाहरण पदवीच्या विद्यार्थ्याला कळेल इतके साधे आहे. चल राशी −१ ते १ या दरम्यान असते. दर तीन पायऱ्यांपैकी एकदा फलनाचा उतार २ पेक्षा मोठी एक धन संख्या असतो, उरलेल्या दोन वेळा −१. फलनाचे किमान मूल्य शोधायचे असल्याने योग्य उत्तर अर्थातच −१ आहे, पण विशिष्ट प्राचल घेतले तर अ‍ॅडम +१ कडे सरकत जाते. मूळ सिद्धतेत पायरीची परिणामी लांबी कधी वाढत नाही असे गृहीत शिरले होते आणि ते कोठेही मांडलेले नव्हते. तिघांच्या निबंधाला त्या वर्षी सर्वोत्तम निबंधाचा मान मिळाला. त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त रीतीच्या सिद्धतेतही पुढे इतरांना उणीव सापडली व तीही दुरुस्त केली गेली. २०२५ मध्ये आयसीएलआरने काळाच्या कसोटीवर उतरल्याचा पुरस्कार अ‍ॅडमच्याच मूळ निबंधाला दिला. रीत उपयुक्त होती आणि प्रमेय खोटे होते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

यात परीक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. काही आठवड्यांत वाचलेल्या निबंधातील प्रत्येक असमता पडताळणे माणसाच्या आवाक्यातले नाही. सिद्धता तपासण्याची जबाबदारी म्हणून लेखकावरच राहते आणि ती पाठविण्यापूर्वी पार पाडायची असते. ज्याने लेखनात भाग घेतलेला नाही अशा सहकाऱ्याला फळ्यावर सिद्धता सांगणे, सर्वांत लहान मितीत प्रमेय हाताने पडताळणे आणि प्रत्येक गृहीतक कोठे वापरले ते समासात लिहिणे, हे जुने उपाय आजही उत्तम आहेत. त्यांना आता सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घेणाऱ्या सिद्धता-सहायक प्रणालींची जोड मिळाली आहे. केप्लरच्या अनुमानाची औपचारिक सिद्धता हेल्स यांच्या गटाने २०१४ मध्ये पुरी केली. २०२३ च्या नोव्हेंबरात गॉवर्स, ग्रीन, मॅनर्स व ताओ या गणितज्ञांनी मार्टनच्या अनुमानाची सिद्धता जाहीर केली, तेव्हा ती लीन या प्रणालीत सुमारे तीन आठवड्यांत तपासून झाली. परिषदेच्या कालमानात बसणारी ही खरी तपासणी आहे.

निर्णयाची अनिश्चितता : न्यूरिप्सच्या २०१४ च्या कार्यक्रमप्रमुख कोरिना कॉर्टेस व नील लॉरेन्स यांनी १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवून पाहिले. ४३ निबंधांवर समित्यांचे निर्णय परस्परविरुद्ध आले. पाचातला सुमारे एकच निबंध स्वीकारला जात असल्याने याचा अर्थ असा, की एका समितीने निवडलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले असते. २०२१ मध्ये प्रयोग पुन्हा केला, चित्र फारसे बदलले नाही. २०१४ मध्ये या परिषदेकडे १,६७८ निबंध आले होते. २०२५ मध्ये संख्या २१ हजारांच्या वर गेली. नकाराच्या पत्राने खचून जाण्याचे कारण नाही, आणि स्वीकाराच्या पत्राने प्रमेय सिद्ध होत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर : भाषा सुधारण्यासाठी भाषाप्रतिमाने वापरण्यास मोठ्या परिषदा आता सामान्यतः परवानगी देतात, पण प्रतिमानाला लेखक म्हणून नाव देता येत नाही आणि चुकांचे उत्तरदायित्व माणसाचेच राहते. २०२५ मध्ये आर्काइव्हवरील काही निबंधांत पांढऱ्या अक्षरांत दडवलेल्या सूचना आढळल्या. परीक्षकाने निबंध भाषाप्रतिमानाला दिला तर त्याने स्तुतीच करावी, असा त्यांचा आशय होता. हे कृत्य संशोधनातील गैरवर्तनच आहे. परीक्षकाने अप्रकाशित निबंध बाहेरच्या प्रणालीत टाकणे हाही तितकाच विश्वासघात, कारण तो मजकूर लेखकाने गोपनीयतेच्या भरवशावर दिलेला असतो.

भारतीय संदर्भ : भारतात १९८१ पासून दर डिसेंबरात भरणारी ‘एफएसटीटीसीएस’ ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची परिषद कठोर समीक्षेसाठी ओळखली जाते, २०१९ मध्ये ती मुंबईच्या आयआयटीत झाली. परदेशी परिषदेत निबंध स्वीकारला गेला तरी नोंदणीशुल्क, प्रवास आणि व्हिसा हे अडथळे उरतात. व्हिसाला परिषदेचे निमंत्रणपत्र लागते, ते स्वीकाराच्या दिवशीच मागावे. केंद्र सरकारच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची प्रवास-साहाय्य योजना अनेक तरुण संशोधकांच्या कामी आली.

सर्वांत मोठा धोका बनावट परिषदांचा आहे. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निरर्थक मजकूर जुळवून घेतला आणि तो ऑरलँडो येथील एका परिषदेने स्वीकारला. २०१९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स समूहाला फसव्या नियतकालिकांबद्दल व परिषदांबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. नियतकालिकांपुरती आपल्याकडील स्थिती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ च्या ‘करंट सायन्स’मध्ये मांडली होती. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या ज्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतील सुमारे ८८ टक्के निकषांत बसली नाहीत. बनावट परिषद ओळखणे अवघड नाही. गणितापासून व्यवस्थापनापर्यंत सर्व विषय तिला चालतात, स्वीकार चार दिवसांत येतो, अभिप्राय दोन ओळींचा असतो आणि शुल्काची मागणी त्याच पत्रात असते. महाविद्यालयांनी प्राध्यापकांकडून व विद्यार्थ्यांकडून सहभागाचे प्रमाणपत्र मागण्याऐवजी परीक्षकांचे लेखी अभिप्राय मागावेत. ते वाचायला निवड समितीला अर्धा तास पुरतो.