शेवटचा क्लब

९ जुलै २००६, रविवार. नांदुऱ्यात रात्रीचे साडेअकरा म्हणजे मध्यरात्रच. रेल्वेलाइनवरून एखादी मालगाडी गेली तर तेवढाच आवाज. मी सातवीत होतो आणि मोठेबाबांच्या घरी, त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसून वर्ल्ड कपची फायनल बघत होतो. इटली विरुद्ध फ्रान्स, बर्लिन. त्या काळात आमच्याकडे लोडशेडिंग इतकं असायचं की सामना कोण जिंकणार यापेक्षा लाइट राहणार का, हीच खरी धाकधूक. त्या रात्री लाइट राहिली.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. फुटबॉल काही त्यांचा खेळ नव्हे. ते कबड्डीवाले. यात्रेतल्या सामन्यांत बेचाळिसाव्या वर्षापर्यंत उतरायचे आणि लोक हसायचे. तरुणपणी काही वर्षं ते बऱ्हाणपूरला एका कापड गिरणीत बदली कामगार होते, नंतर नांदुऱ्यात जिनिंगवर लागले. ‘बदली’ हा शब्द आता बहुतेकांना नोकरीतल्या ट्रान्सफरपुरताच माहीत असतो. गिरणीत बदली म्हणजे ज्याला कायमचं काम नाही तो. रोज सकाळी गेटावर हजर राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही, तर त्याच्या साच्यावर तुम्हाला उभं करणार. सगळे आले, तर डबा घेऊन परत घरी.

हे आधी सांगितलं, कारण त्या रात्री मोठेबाबांनी एकच माणूस ओळखून ठेवला होता. तेवीस नंबरचा मार्को मातेराझ्झी. तो मुळात संघात बदलीवाला आहे, हे मी त्यांना सांगितलं, आणि मग त्यांची नजर त्याच्यावरून हललीच नाही.

मी सांगितलं ते खरंच होतं. इटलीच्या बचावफळीत मधल्या जागेवर हक्काचा खेळाडू होता अलेस्सांद्रो नेस्ता. रोमचा पोरगा, लाझिओचा कप्तान, मग मिलानचा. २००३ आणि २००७ अशा दोन चॅम्पियन्स लीग त्याच्या नावावर. त्याने केलेलं टॅकल बघितलं की बचाव हीसुद्धा देखणी गोष्ट असू शकते हे पटतं. पण वर्ल्ड कप त्याला कधी मानवला नाही. १९९८, २००२, २००६, तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत दुखापत. २००६ मध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध सुरुवातीच्या वीस मिनिटांतच तो लंगडत बाहेर गेला आणि मातेराझ्झी आत आला. आत येऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच त्याने हेडरने गोल केला. पुढच्याच सामन्यात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, लाल कार्ड खाल्लं. या माणसाचं सगळंच असं.

त्याची कारकीर्द कागदावर बघा. नेस्ता लहानपणापासून लाझिओच्या अकादमीत वाढला. मातेराझ्झी मार्साला, त्रापानी, कार्पी अशा खालच्या विभागांतल्या क्लबांत धूळ खात होता. मग पेरुजा, मध्ये एक हंगाम इंग्लंडात एव्हर्टनला, परत पेरुजा. २०००-०१ च्या हंगामात बचावपटू असून त्याने सेरी आ मध्ये १२ गोल केले, तेव्हा कुठे इंटर मिलानने त्याला उचललं. तोवर वय झालं होतं २७. या वयात आपल्याकडे क्रिकेटरला ‘अनुभवी’ म्हणायला लागतात.

फायनलचं तर तुम्ही यूट्यूबवर शंभर वेळा पाहिलं असेल. सातव्या मिनिटाला मातेराझ्झीच्याच चुकीमुळे फ्रान्सला पेनल्टी मिळाली. झिदानने चेंडू अलगद उचलला, तो वरच्या दांड्याला लागून आत पडला. एकोणिसाव्या मिनिटाला पिर्लोच्या कॉर्नरवर मातेराझ्झीनेच बरोबरी केली. आणि जादा वेळेत ते घडलं. मातेराझ्झी झिदानच्या बहिणीबद्दल काहीतरी बोलला, असं त्याने पुढे कबूल केलं. झिदानने त्याच्या छातीत डोकं हाणलं. मोठेबाबा खाटेवर उठून बसले. कबड्डीत असलं त्यांनी पाहिलं होतं, पण ज्याने मारलं तोच जगातला सगळ्यात मोठा खेळाडू आहे हे त्यांना पटेना. (या धडकेचा ब्राँझचा पुतळासुद्धा झाला, चांगला पाच मीटर उंच, आणि तो पॅरिसमध्ये उभा केला होता. पुतळ्याच्या उंचीबाबत मात्र नांदुऱ्याला कुणी शिकवू नये. आमच्याकडे हायवेवर १०५ फुटांचा हनुमान उभा आहे.)

मग पेनल्टी शूटआउट. इटलीकडून दुसरी पेनल्टी मातेराझ्झीने मारली, चौथी देल पिएरोने. फ्रान्सचा चुकला फक्त एक, डेव्हिड ट्रेझेगे. त्याचा चेंडूही वरच्या दांड्यालाच लागला, पण आत न पडता बाहेर आला. दांडा तोच, दोन तासांपूर्वी झिदानला पावला होता. ट्रेझेगेने सहा वर्षांपूर्वी, युरो २००० च्या फायनलमध्ये, गोल्डन गोल मारून याच इटलीला हरवलं होतं आणि त्याच उन्हाळ्यात तो इटलीतल्या युव्हेंटसला खेळायला गेला होता. म्हणजे ज्यांच्यापुढे ती पेनल्टी हुकली, त्यांपैकी निम्मे लोक त्याचे रोजचे ओळखीचे.

मोठेबाबा म्हणाले, “बदलीवाल्यानं मारली ना बाप्पा!” आणि लाइट बंद करून झोपले.

आठ वर्षांनी हेच सगळे लोक भारतात आले. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. १२ ऑक्टोबर २०१४ ला इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ संघ, जेमतेम दहा आठवड्यांची स्पर्धा, आणि गर्दी खेचायला प्रत्येक संघात नाव काढलेला एकेक परदेशी खेळाडू. पुण्याच्या संघात ट्रेझेगे. दिल्लीत अलेस्सांद्रो देल पिएरो. चेन्नईत खेळाडू आणि कोच अशा दोन्ही टोप्या घालून मातेराझ्झी. आणि मोसमाच्या मध्यावर त्याच मातेराझ्झीने निवृत्त झालेल्या नेस्ताला फोन करून बोलावून घेतलं. ज्याच्या दुखापतीमुळे याला जागा मिळाली, त्याला आता याने जागा दिली. बाकी स्पर्धेत पिरेस, ल्युंगबर्ग, अनेल्काही होते, पण बर्लिनचा हा गोतावळा माझ्या नजरेत भरला.

पुण्याचा संघ तर अर्धा इटालियनच होता. इटलीतल्या फिओरेंटिना क्लबशी जोडलेला, कोच फ्रांको कोलोम्बा. गोलकीपर एमानुएले बेलार्दी, जो कधीकाळी युव्हेंटसमध्ये बुफोनच्या मागे राखीव होता. आणि बचावात ब्रुनो चिरिल्लो. या चिरिल्लोला २००४ मध्ये सामन्यानंतर बोगद्यात मातेराझ्झीने ठोसा मारला होता आणि त्यापायी मातेराझ्झीवर दोन महिन्यांची बंदी आली होती. आता एक बालेवाडीत, दुसरा चेन्नईत. भाऊबंदकी अशी हजारो मैल पाठलाग करते.

पण खरं सांगायचं तर मला बघायचा होता देल पिएरो.

देल पिएरो म्हणजे काय हे आजच्या रीलवरून कळत नाही. कोनेल्यानोत जन्म, पादोवात सुरुवात, १९९३ मध्ये युव्हेंटस. तिथे दहा नंबर रोबेर्तो बाज्जोचा होता. १९९४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये पेनल्टी आकाशात मारलेला, बौद्ध झालेला, पोनीटेलवाला बाज्जो. १९९५ मध्ये क्लबने बाज्जोला जाऊ दिलं आणि दहा नंबर विशीतल्या पोराकडे आला. तो त्याने २०१२ पर्यंत सोडला नाही. ७०५ सामने, २९० गोल, दोन्ही क्लबचे विक्रम. गोलच्या डाव्या बाजूने आत वळून लांबच्या खांबाकडे वळवलेला त्याचा फटका इतका ठरलेला होता की इटलीत त्या जागेलाच त्याचं नाव पडलं.

मला मात्र त्याचं २००६ आवडतं. ४ जुलैला जर्मनीविरुद्ध सेमीफायनलच्या अगदी शेवटच्या क्षणी त्याने गोल मारला, पाच दिवसांनी तो विश्वविजेता झाला, आणि आठवडा उलटत नाही तोच मॅच-फिक्सिंगसारख्या प्रकरणात त्याच्या क्लबला दुसऱ्या विभागात ढकलण्यात आलं. कान्नावारो, इब्राहिमोविच, थुराम गेले. देल पिएरो, बुफोन, नेदवेद, कामोरानेसी आणि ट्रेझेगे राहिले. सप्टेंबरमध्ये हे लोक रिमिनीसारख्या छोट्या गावात सेरी बी चा पहिला सामना खेळले आणि १-१ अशी बरोबरी घेऊन परतले. त्या हंगामात देल पिएरो दुसऱ्या विभागाचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. पुढच्या हंगामात पहिल्या विभागाचा, २१ गोल, आणि त्याच्यामागे ट्रेझेगे, २०. तेहेतीस वर्षांचा माणूस.

त्याच दोघांच्या संघांचा सामना १४ ऑक्टोबर २०१४ ला दिल्लीत झाला. ०-० सुटला. हॉस्टेलवर आम्ही चार जण मोबाइलवर बघत होतो, त्यातले तीन हाफटाइमला जेवायला गेले.

भाऊबीज आटोपून मी नांदुऱ्याहून रात्रीच्या गाडीने पुण्यात आलो, फराळाचा डबा खोलीत टाकला आणि रविवारी, २६ ऑक्टोबरला, थेट बालेवाडी गाठली. पुणे विरुद्ध गोवा. त्याआधीच्या सामन्यात पुण्याने मुंबईकडून पाच गोल खाल्ले होते, त्यामुळे अपेक्षा काहीच नव्हती. पुणे २-० जिंकलं. पहिला गोल ट्रेझेगेचा. मला तिकिटाच्या पैशात तेवढं पुरलं. पण त्याच्याकडे बघताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. तो चेंडूच्या मागे धावत नव्हता, जागा धरून थांबत होता. पूर्वीही तो तसाच खेळायचा म्हणतात. पण सदतिसाव्या वर्षी थांबणं आणि पंचविसाव्या वर्षी थांबणं यात फरक असतो, आणि तो स्टँडमधून दिसतो.

दिवाळीत मोठेबाबांना या सगळ्याबद्दल सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “एवढं नाव कमावल्यावर इकडं कायले आला तो? घरी बसाचं.” बेचाळिसाव्या वर्षापर्यंत लंगोट कसणारा माणूस हे म्हणत होता. मी तसं बोललो नाही.

उत्तर सोपं आहे, पैसे. पण तेवढंच म्हणून सोडता येत नाही. ९ नोव्हेंबरला देल पिएरो या लीगमध्येच चाळीस वर्षांचा झाला. दहा सामन्यांत त्याचा एकच गोल, डिसेंबरमध्ये, तोही मातेराझ्झीच्या चेन्नईविरुद्ध, फ्री किकवर. भिंतीवरून जाऊन चेंडू आत वळला तेव्हा तेवढ्यापुरतं २००८ साल आलं. बाकी वेळ त्याला खेळताना बघणं कंटाळवाणं होतं, हे चाहता म्हणूनच सांगतो. दिल्ली सेमीफायनलला पोहोचली नाही, पुणेही नाही. नेस्ता मोजके सामने खेळला. जानेवारी २०१५ मध्ये ट्रेझेगेने निवृत्ती जाहीर केली. देल पिएरो आणि नेस्ता पुन्हा कुठल्या क्लबकडून खेळले नाहीत. मातेराझ्झीनेही बूट काढले, पण कोच म्हणून तो राहिला.

आणि इथे बदलीवाला पुढे गेला. २०१५ च्या हंगामात चेन्नई तळाला होती. शेवटचे चार सामने सलग जिंकून ती सेमीफायनलला आली. त्याच डिसेंबरात चेन्नईत पूर आला, शहर पाण्याखाली गेलं आणि घरचा सेमीफायनल हलवावा लागला. कुठे? बालेवाडीत. १२ डिसेंबरला मी पुन्हा तिथे होतो. चेन्नईने कोलकात्याला ३-० हरवलं, आणि दुसऱ्या लेगमध्ये हरूनही एकूण गोलांवर फायनल गाठली. मातेराझ्झी टचलाइनवर दोन्ही हात पसरून ओरडत होता. सहा फूट चार इंचाचा माणूस, एका जागी मिनिटभर थांबत नव्हता. मला २०१० ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवली. इंटर जिंकत असताना अगदी शेवटच्या मिनिटाला त्याला आत घेतलं होतं, नावापुरतं. त्या रात्री स्टेडियमबाहेर कोच मोरिन्यो गाडीतून उतरून त्याच्याच गळ्यात पडून रडला होता.

२० डिसेंबरची फायनल मडगावला, फातोर्डा मैदानावर, गोव्याच्या घरी. सुट्टी लागली होती, मी नांदुऱ्यात होतो, मोठेबाबा त्याच खाटेवर. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१ पुढे गेलं. मोठेबाबा म्हणाले, झोपतो आता. तेवढ्यात ९० व्या मिनिटाला चेंडू गोव्याचा गोलकीपर कट्टीमणीला लागून आत गेला. दोन मिनिटांनी मेंडोझाने तिसरा मारला. ३-२. गोव्याच्या पोरांसाठी मला वाईट वाटलं, कट्टीमणीसाठी तर फार. टीव्हीवर मातेराझ्झी दिसला तसे मोठेबाबा चष्मा शोधायला लागले.

पुढच्या वर्षी चेन्नई घसरली आणि २०१७ मध्ये मातेराझ्झी गेला. २०१९ मध्ये पुण्याचा क्लब बंद झाला, त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा झाला. म्हणजे देल पिएरोचा आणि ट्रेझेगेचा शेवटचा क्लब आता त्या नावाने अस्तित्वातच नाही. विकिपीडियाच्या तक्त्यात पादोवा, युव्हेंटस, सिडनी आणि त्याखाली दिल्ली डायनामोज एवढंच उरलंय.

परवा मी मोबाइलवर हा तक्ता मोठेबाबांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे बरोबर हाये. अन् तो बदलीवाला? तो कोठी हाये आता?”