पाकिटातल्या नट्या

साबणाच्या वेष्टनावर नटीचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. ही चाल किती जुनी आहे, ते आज सांगतो. गोष्ट अमेरिकेतली, १८८० नंतरची.

तेव्हा सिगारेटची पाकिटं पातळ कागदाची असत, खिशात चुरगळत. म्हणून आत एक जाड कार्ड घालत. ते कोरं कशाला ठेवायचं? त्यावर नाटकातल्या नट्यांचे फोटो आले. कुणी राणीच्या वेशात, कुणी पुरुषी पोशाखात, बऱ्याच जणी पायाला घट्ट बसणाऱ्या विजारीत. लिलियन रसेल, सारा बर्नहार्ट अशा नामवंत नट्याही त्यात होत्या. संच पुरा करायला गिऱ्हाईक पुन्हा पाकीट घेई. आपल्या मराठी रंगभूमीवर तेव्हा शकुंतलाही पुरुषच होत!

रिचमंड शहरातल्या ॲलन अँड गिंटर कारखान्यात सिगारेटी वळायला बहुतेक मुलीच असत. सरावलेला हात मिनिटाला चारेक वळी. सोलापूर-सिन्नरच्या विडीवाल्या बायांना त्यातले कष्ट सांगायला नकोत. पुढे बोन्सॅक नावाच्या माणसाचं यंत्र आलं. दहा तासांत लाखावर सिगारेटी. ड्यूक या कारखानदारानं ते घेतलं. एवढा माल खपवायचा कसा? तर अशी कार्डं वाटून. हाताचं काम यंत्रानं नेलं आणि विक्रीला बाईचं रूप लावलं. १८९४ साली खुद्द ड्यूकच्या वडिलांनी मुलाला पत्र लिहून या चित्रांबद्दल नापसंती कळवली.

आता नटीचं काय? मॅरियन मॅनोला ही गायक-नटी १८९० मध्ये न्यूयॉर्कला तशाच विजारीत काम करायची. जाहिरातीसाठी त्या वेशात फोटो द्यायला तिनं नकार दिला. तर चालू प्रयोगात प्रेक्षकांतल्या बॉक्समधून झगझगीत उजेड पाडून तिचा फोटो काढला! ती कोर्टात गेली आणि मनाई हुकूम घेऊन आली. रोज शेकडो लोकांपुढे उभी राहते, मग फोटोचं काय एवढं, असं म्हणणारे असतातच. आम्हाला ते पटत नाही. रंगमंचावर उभं राहायचं तिनं कबूल केलं होतं, दुकानाच्या खिडकीत लटकायचं नव्हे. मेळाव्यातला आपला फोटो न विचारता कुणाच्या बॅनरवर लागला, तर आपल्याला काय वाटेल?

पुढे एका पिठाच्या कंपनीनं तरुण मुलीचा फोटो तिला न विचारता हजारो जाहिरातींवर छापला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ कोर्टात ती हरली. लोक इतके चिडले, की दुसऱ्याच वर्षी तिथं कायदा झाला: लेखी परवानगीशिवाय कुणाचं नाव किंवा फोटो जाहिरातीत वापरायचा नाही.